अंगणातलं छोटं तळं, आपल्या खान्देशच्या उन्हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागे, मळ्यात नाहीतर बंगल्याच्या पुढच्या अंगणात छोटं तळं करायचं म्हणणारे आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे बरेच भेटतात. माहिती शोधायला गेलं की सगळी थंड देशातली सापडते, बर्फ पडला की माशांचं काय करायचं वगैरे. आपल्याकडे काळजी वेगळीच, तो ४५ डिग्रीचा मे महिना, फुगणारी-भेगाळणारी काळी माती आणि चार-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथं एकत्र केलेत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, तळ्याचा विचार मे महिन्यापासून सुरू करा, कारंजं आणि रंगीत लाईट सगळ्यात शेवटी. जे तळं मे काढतं ते बाकीचे अकरा महिने आरामात काढतं.

भाऊ, इथं प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही तळं करायला सांगता, हा पाण्याचा नास नाही का?

हा प्रश्न पहिला यायलाच पाहिजे आणि तो टाळायचा नाही. सरळ हिशोब करू. १० फूट लांब, ७ फूट रुंद तळं धरा, म्हणजे साधारण साडेसहा चौरस मीटर पाण्याचा पसारा. मे महिन्यात, वारं आणि ऊन दोन्ही असताना, दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं, म्हणजे रोजचे ६५ लिटर, महिन्याचे जवळपास दोन हजार लिटर. पावसाळ्यात आणि थंडीत हे खूप कमी होतं, पण वर्षाचा ढोबळ हिशोब १० ते १३ हजार लिटरवर जातो.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळे-शिंदखेडा-अमळनेर पट्ट्यात त्याहून कमी, नवापूर-अक्कलकुव्याकडे जास्त. ५०० चौरस फुटाच्या स्लॅबवर एवढा पाऊस पडला तर वाया गेलेलं सोडून २५ हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. म्हणजे छताचं पाणी तळ्याकडे वळवलं तर हिशोब जमतो, फक्त ते सगळं चार महिन्यांत येतं आणि आपल्याला ते एप्रिल-मे मध्ये पाहिजे असतं, म्हणून साठवायला टाकी लागते. टाकी नसेल, बोर मार्चमध्ये आटत असेल आणि शेजारी टँकर मागवत असतील, तर मोठं तळं करू नका असंच मी सांगेन. ३ फूट रुंदीचा एक हौद करा, त्यात एक कुमुदिनी आणि चार गप्पी, म्हणजे डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे. तोही तळंच.

आणि तळ्यातलं पाणी वाया जात नाही हे पण लक्षात घ्या, महिन्यातून थोडं काढून ते केळी-पपईला, कढीपत्त्याला द्यायचं, माशांच्या पाण्यात नत्र असतं, झाडं त्यावर चांगली वाढतात. त्याबद्दल खाली आहे.

जागा कुठली निवडायची?

सकाळचं ऊन पाच-सहा तास आणि दुपारी दोननंतर सावली, ही आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा. म्हणजे साधारण घराच्या पूर्वेला. पश्चिमेला मोकळं असेल तर एप्रिलपासून दुपारचं पाणी इतकं तापतं की हात घातला तर कोमट लागतं. अशा ठिकाणी ग्रीन नेटची शेड घालायची तयारी ठेवा.

कडुलिंबाखाली करू नका. सावली छान असते पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते ती सगळी पाण्यात, मग फुलोरा गळतो तो पण पाण्यात, सडतं, पाणी काळं पडतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या जवळ तर अजिबात नको, मुळं पाण्याचा वास काढत येतात आणि प्लास्टिक असो की सिमेंट, फोडतात. शोषखड्डा आणि सेप्टिक टँकपासून लांब. घराच्या पायाला चिकटून पण नको, काळ्या मातीत तर नकोच.

अजून एक, अंगणातली सगळ्यात खोलगट जागा बघून लोक म्हणतात इथं आपोआप तळं होईल. तिथंच करू नका. पहिल्या जोराच्या पावसात सगळ्या अंगणाचा गाळ, शेणखत, डिझेलचे थेंब, सगळं वाहून आत येतं. थोडी उंचावरची जागा घ्या आणि काठ जमिनीपेक्षा तीन-चार इंच वर ठेवा. उंचावर असलं की दुसरा फायदा म्हणजे पाणी काढायला मोटर लागत नाही, पाईपने सायफन केलं की उताराने परसबागेत जातं. पांझरा नदीवरच्या फड बागायतीत बंधाऱ्याचं पाणी पाटानं, नुसत्या उतारावर फडाफडात फिरवतात, तेच इथं एका नळीवर होतं.

वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला पाहिजे म्हणतात, ते?

ईशान्य कोपऱ्याला सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी घराची सावली पडते, त्यामुळे तिथं जागा असेल तर करा, तळ्यालाही ती बाजू मानवते. पण तिथंच शोषखड्डा असेल किंवा मोठं झाड असेल तर घरातल्या मोठ्यांना समजावून दुसरी जागा घ्या. घाण पाण्याचं तळं कुठल्याच दिशेला चांगलं नाही.

खोदायचं कधी?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, कड ढासळते, आणि मे मध्ये तीच माती इतकी कडक होते की मजूर पण नाही म्हणतो. थंडीत खोदलं की प्लास्टिक टाकून, पाणी भरून, झाडं लावून उन्हाळ्याच्या आत तळं थोडं स्थिरावतं. मासे मात्र एप्रिल-मे मध्ये सोडू नका. फेब्रुवारीपर्यंत नाही जमलं तर सरळ जुलै-ऑगस्टपर्यंत थांबा, पाऊस पडून पाणी गार झालं की सोडा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुहूर्त करायचा असेल तर त्या दिवशी खुशाल झाड लावा, मासे नको.

किती मोठं आणि किती खोल?

थंड भागातली माहिती वाचून लोक दीड फूट करतात. आपल्याकडे दीड फूट पाणी मे मध्ये तळापर्यंत तापतं. कमीत कमी अडीच फूट खोल, आणि त्यातला एक कोपरा तीन-साडेतीन फूट, म्हणजे माशांना दुपारी खाली जायला गार जागा राहते. कोई (मोठे होणारे रंगीत शोभेचे मासे) ठेवायचे असतील तर चार फुटाच्या खाली विचारच करू नका.

पसारा कमी आणि खोली जास्त, हे आपलं सूत्र, कारण पाणी उडतं ते वरच्या पसाऱ्यातून. तेवढंच पाणी उथळ पसरवलं तर जास्त उडतं आणि जास्त तापतं.

एका बाजूला फूटभर रुंद, ८-९ इंच खोल अशी पायरी ठेवा, काठावरची झाडं तिच्यावर बसतात, आणि चुकून कोणी आत पडलं, मूल असो की मांजर, तर पाय टेकवायला जागा मिळते. एक कड अगदी उतरती, गोटे लावलेली ठेवा, तिथं चिमण्या, साळुंक्या, मधमाशा पाणी पितात. उन्हाळ्यात ही एक कड बघण्यासाठीच मी लोकांना तळं करा म्हणतो, खरंच सांगतो. खार आत पडली तर तिला पण तिथून वर येता येतं, सरळ भिंतीच्या हौदात ती बुडून मरते.

१० बाय ७ फूट, अडीच फूट खोल म्हणजे १७५ घनफूट, पूर्ण चौकोनी असतं तर जवळपास पाच हजार लिटर. पण उतार आणि पायरी धरून प्रत्यक्षात साडेतीन-चार हजार लिटर बसतं. माती निघते ती पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि मोकळी झाली की फुगून दोन ब्रासच्या वर जाते, ती कुठं टाकायची हे जेसीबी बोलावण्याच्या आधी ठरवा. खरं म्हणजे एवढ्या खड्ड्याला जेसीबी नकोच, दोन मजूर नीट आकार देतात, जेसीबीच्या दातांनी कड खचते.

आमच्याकडे सगळी काळी माती आहे, नुसतं खोदून पाणी भरलं तर राहील का?

तापीकाठी रावेर, यावल, चोपड्याकडे तर माती खूप खोलवर आहे, मुरूम लागतच नाही. धुळे, साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटावरच मुरूम लागतो. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, ओली असली की फुगते आणि पाणी चांगलं धरते, म्हणून पावसाळ्यात खड्डा भरलेला दिसतो आणि वाटतं झालं काम. पण पाणी थोडं खाली गेलं की उघडी पडलेली कड वाळते, बोटभर भेगा पडतात, पुढचं पाणी त्या भेगांतून जातं. अंगणातल्या छोट्या तळ्याला पाणी कायम एका लेव्हलला ठेवणं जमत नाही, म्हणून नुसत्या मातीवर विसंबू नका. मुरमात तर पाणी टिकतच नाही.

मग सिमेंटचं करू की प्लास्टिकचं?

काळ्या मातीत प्लास्टिकच. जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घरांच्या कंपाउंड भिंतींना पडलेल्या तिरप्या भेगा आपण सगळेच बघतो, तळ्याच्या सिमेंटला पण तसंच होतं. सिमेंटच करायचं असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदा किंवा काळी माती काढून मुरूम-कच दाबून भरा, सळई टाका, आणि बांधकामवाल्याला आधीच सांगा की हे पाणी धरणारं काम आहे, वॉटरप्रूफिंग पाहिजे.

प्लास्टिक म्हणजे शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं कापड. आपल्याकडे शेततळ्यांमुळे आणि ठिबकच्या धंद्यामुळे हे जळगावात, तालुक्याच्या गावांत पण मिळतं, कापून जोडून पण देतात. मल्चिंगचा पेपर २५-३० मायक्रॉनचा असतो, तो इथं चालत नाही. ताडपत्री पण नको, उन्हात तिचे धागे सुटतात.

मापाचा हिशोब असा, लांबी अधिक खोलीच्या दुप्पट अधिक दोन फूट. रुंदीला पण तसंच. म्हणजे आपल्या १० बाय ७ बाय अडीचला १७ बाय १४ फूट. खोल कोपरा साडेतीन फूट केला तर खोली तीच धरा, कापड कमी पडलं तर जोड द्यावा लागतो आणि जोड हीच कच्ची जागा असते.

प्लास्टिक टाकताना काय काय बघायचं?

यावर जरा वेळ घालवा, कारण एकदा पाणी भरलं की परत उचलणं फार जिवावर येतं.

आधी लव्हाळा आणि हराळी मुळासकट काढा. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, मल्चिंग पेपर भेदून वर येतो हे शेतकऱ्यांना माहीत आहे, तळ्याच्या कापडालाही तो सोडत नाही. गाठी राहिल्या की परत येतो, म्हणून खोदल्यावर पंधरा दिवस थोडं पाणी मारून ठेवा, उगवला की परत काढा, मग पुढचं काम. नंतर टोकदार खडे, काच, मुळांचे तुकडे हाताने वेचा, दोन इंच रेती पसरा, त्यावर जुन्या प्लास्टिकच्या चटया अंथरा. चटयांना जळगावात तोटा नाही, फाटक्या पण चालतात. त्यावर कापड.

कापड दुपारच्या उन्हात टाका, मऊ पडतं आणि नीट बसतं. ताणून बसवू नका, सैल राहू द्या, घड्या पडल्या तरी चालेल, पाण्याच्या वजनाने ते खाली दबतं, ताणलेलं असलं तर फाटतं. अर्धं पाणी भरून एक रात्र थांबा मगच कडा कापा. काठावर फूटभर कापड मातीत दाबून त्यावर शहाबादी फरशी नाहीतर चपटे दगड ठेवा, कापडाचा जो भाग उन्हाला उघडा राहतो तोच आधी फाटतो. काठ सगळीकडून एका लेव्हलला आहे ना हे पाण्याच्या लेव्हल पाईपने बघा, डोळ्यांवर जाऊ नका, एक इंच फरक असला तरी एका बाजूला प्लास्टिक उघडं दिसत राहतं.

जास्तीचं पाणी जायला दीड-दोन इंची पाईप काठाच्या दोन इंच खाली लावा, तोंडाला जाळी, दुसरं टोक एखाद्या झाडाच्या आळ्यात.

सिमेंटचा हौद बांधला, पाणी भरलं, मासे सोडले आणि दोन दिवसात मेले. काय चुकलं?

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो, मासे तगत नाहीत. हौद भरायचा, चार-पाच दिवस ठेवायचा, सगळं पाणी काढून टाकायचं, परत भरायचं, असं तीन-चार वेळा. यात केळीचा खांब कापून त्याचे तुकडे टाकायची जुनी पद्धत आहे आणि मत्स्यपालन करणारे आजही ती वापरतात, आपल्या केळीच्या भागात तर घड काढल्यावर खांब बांधावर पडलेलेच असतात. तुकडे सडतात, त्यातून आम्ल तयार होतं, ते चुन्याला मारतं. आठ-दहा दिवसांनी सगळं बाहेर काढून ब्रशने घासून धुवा. पीएच मोजायच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, साडेआठच्या खाली आल्याशिवाय मासे सोडू नका.

नळाचं पाणी चालतं की बोरचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, भरून दोन दिवस उघडं ठेवलं, अधूनमधून ढवळलं की निघून जातं. रोज थोडी भर घालताना नळी सरळ तळ्यात सोडून विसरू नका, एकाच वेळी बरंच ताजं पाणी गेलं तर माशांच्या कल्ल्यांना इजा होते. बोरच्या पाण्यात क्लोरीन नाही पण क्षार फार आणि ऑक्सिजन कमी, म्हणून ते उंचावरून पडू द्या, म्हणजे हवा मिसळते.

क्षारांची खरी अडचण उन्हाळ्यात कळते. पाणी उडतं पण क्षार तिथंच राहतात, आपण परत बोरचं क्षाराचं पाणी घालतो, परत उडतं, असं करत मे अखेर पाणी मचूळ होतं, कडेला पांढरी खर जमते. म्हणून नुसती भर घालत बसायचं नाही, पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून झाडांना द्यायचं आणि मग भर घालायची. पावसाळ्यात छताचं पाणी भरपूर आत येऊ द्या, सगळे क्षार धुऊन निघतात, फक्त पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर सोडा, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते.

डास होतील ना? घरचे त्यामुळेच नाही म्हणतात.

घरच्यांची काळजी बरोबर आहे, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला गरमीत आठवडा-दहा दिवस पुरतात. पण मासे असलेल्या तळ्यात अळी टिकत नाही. गप्पी मासे आरोग्य विभागाचे लोक स्वतः सोडतात, बऱ्याच ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या मलेरिया विभागात फुकट मिळतात, विचारून बघा. चार हजार लिटरला वीस-पंचवीस सोडले तरी दोन महिन्यांत पुरेसे होतात.

डास होतात ते बहुतेक तळ्याच्या आसपास, कुंडीखालची ताटली, उलटा न ठेवलेला डबा, कूलरची टाकी, पंपाच्या फिल्टरचं झाकण, तिथं. ते दर आठवड्याला कोरडं करा आणि घासा, कारण या डासाची अंडी कोरड्या भिंतीवर महिनोन्महिने जिवंत राहतात.

मासे ठेवायचेच नसतील तर बीटीआयची (एका जिवाणूपासून केलेली) पावडर मिळते, ती फक्त अळ्या मारते, बेडूक, चतुर यांना काही करत नाही. आरोग्यवाले औषध टाकायला आले तर त्यांना मासे आहेत म्हणून सांगा. आणि एक कळकळीची विनंती, जास्त झालेले गप्पी नदीत, मेहरूण तलावात किंवा नकाण्याच्या तलावात नेऊन सोडू नका. ते परदेशी मासे आहेत, तिथल्या देशी छोट्या माशांची अंडी-पिल्लं खातात.

गप्पी सोडून कुठले मासे?

गोल्डफिश आपल्याकडे निभतात, साधे लांब शेपटीचे घ्या, फुगीर डोळ्यांचे नको, ते उन्हाळ्यात आधी जातात. एका माशाला दीडशे-दोनशे लिटर पाणी असा हिशोब धरा, म्हणजे आपल्या तळ्यात वीसच्या वर नको, आणि गोल्डफिश गप्पीची पिल्लं खातात हे पण ठरवून घ्या. कोई दिसायला सुंदर पण एकेका माशाला हजार लिटर तरी पाहिजे, दोन फुटापर्यंत वाढतात आणि झाडं उपटतात. तिलापिया टाकू नका, बेसुमार वाढतात. थाई मांगूर कोणी फुकट दिला तरी नाही म्हणा, तो पाळायला देशात बंदी आहे आणि तो बाकी सगळं खाऊन टाकतो.

मासे एकदम सोडू नका. तळ्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात, तोपर्यंत अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. आधी चार-पाच, महिन्याने बाकीचे. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. पाहुणे आले की प्रत्येक जण मूठभर मुरमुरे टाकतो, ते बंद करा.

झाडं कुठली लावायची? कमळ येईल का?

येईल, आणि छान येईल, कमळाला आपलं ऊन आवडतं. पण कमळ मोठ्या पसरट टबमध्ये लावा, दीड-दोन फूट रुंदीचा, भोक नसलेला, कारण त्याची मुळं टोकदार असतात आणि धावतात. माती आपली शेतातली काळीच, वर इंचभर बारीक खडी म्हणजे मासे उकरत नाहीत. बियांपासून करायचं तर बी एका टोकाला पॉलिश पेपरवर घासा, आतला पांढरा भाग दिसला की थांबा, आणि पाण्यात ठेवा. थंडीत पानं वाळली की मेलं समजून उपटू नका, फेब्रुवारीत परत फुटतं.

लहान तळ्याला मात्र मी कुमुदिनी म्हणजे वॉटर लिलीच सांगेन. पानं पाण्यावर चपटी पसरतात, सावली धरतात, फुलं बरेच महिने येतात, पाच-सहा तास ऊन पुरतं. दोन लिली असल्या की निम्मा पसारा झाकला जातो आणि मे मध्ये तेवढंच आपल्याला पाहिजे असतं. लिलीच्या पानांवर कारंज्याचं पाणी सतत पडू देऊ नका, तिला ते चालत नाही.

काठाच्या पायरीवर वेखंड, ब्राह्मी, अळू, कर्दळ. पाण्याच्या आत हायड्रिला नाहीतर व्हॅलिसनेरियाच्या दोन जुड्या. पाणकणीस पसरतं, कुंडीतच ठेवा. जलपर्णी फुकट मिळते, जांभळी फुलं पण येतात, तरी नका आणू. काही आठवड्यांत तळं झाकते आणि एक तुकडा नाल्यात गेला की पुढं सगळ्या गावाला त्रास.

पाणी हिरवंगार झालं. मोरचूद टाकू का?

नको! मोरचूद शेतकऱ्याच्या घरात असतोच म्हणून हात तिकडे जातो, पण माशांना आणि गोगलगायींना तो विष आहे. नवीन तळं पहिल्या तीन-चार आठवड्यांत हिरवं होतंच, झाडं वाढली, सावली झाली की निवळतं. तरी राहिलं तर खाणं कमी करा, मासे जास्त झालेत का बघा, आसपासच्या कुंड्यांतलं खत पाण्यासोबत आत येतंय का बघा. सगळं पाणी बदलू नका, नवीन पाण्यात परत तेच होतं. शेवाळाचे लांब धागे असतील तर काठीला गुंडाळून काढा आणि खतात टाका.

पंप लागतोच का? आणि लोडशेडिंगमध्ये?

चार-सहा गप्पी आणि भरपूर झाडं असतील तर लागत नाही. गोल्डफिश, कोई असतील तर पाहिजे. दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा फिरेल एवढा पंप घ्या, म्हणजे चार हजार लिटरला ताशी दोन हजार लिटरचा. ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीसच्या आत. विकत घेताना पाणी किती उंच चढवायचं ते सांगा, डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो.

फिल्टर घरी होतो. जुना ५० लिटरचा ड्रम, खाली खडी, मध्ये जुन्या ठिबकच्या नळीचे बोटभर तुकडे, वर स्पंज. नळीच्या तुकड्यांवर जिवाणू बसतात, तेच खरं काम करतात, म्हणून ते तुकडे नळाच्या पाण्याने धुवू नका, तळ्याच्याच पाण्यात खळबळा. स्पंज फक्त दर आठवड्याला पिळून घ्या.

वायरिंग मात्र हातानं जोडतोड करून नको. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावूनच घ्या, आणि पाण्यात हात घालायच्या आधी पंपाचा प्लग काढा. लाईट वारंवार जात असेल तर छोटा सोलर एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर एक कनेक्शन.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, दुपारी ठीक असतात. का?

ऑक्सिजन कमी पडतोय. गरम पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो, २० डिग्रीला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम तर ३५ डिग्रीला ७ च्या आसपास. त्यात रात्री झाडं आणि शेवाळ पण ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पहाटे सगळ्यात कमी असतो. लोक वीज वाचवायला रात्री पंप बंद करतात, नेमकं तेव्हाच तो पाहिजे. एप्रिल ते जून रात्री चालू ठेवा. लगेचचा उपाय म्हणजे बादलीने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत ओता, पंधरा-वीस मिनिटं.

मुलं, साप, बगळे?

मुलांचं आधी. चालायला शिकलेलं मूल फूटभर पाण्यात सुद्धा बुडतं आणि आवाज होत नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाण्याच्या दोन इंच वर पक्की लोखंडी जाळी बसवा किंवा तीन-साडेतीन फूट कुंपण आणि बाहेरून कडी. हे नसेल तर मूल मोठं होईपर्यंत तळं थांबवा, यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

साप येऊ शकतो, बहुतेक वेळा तो विरोळा असतो, बेडूक आणि मासे खायला येतो, बिनविषारी. तरी ओळख पटल्याशिवाय जवळ जाऊ नका, मारू पण नका, गावातल्या सर्पमित्राला फोन करा. काठाशी विटांचे ढीग, गवत ठेवलं नाही की बाकीचे सहसा थांबत नाहीत. बगळा आणि खंड्या मासे नेतातच, खोल कोपरा आणि लिलीची पानं असली की बरेच वाचतात, फार झालं तर काही दिवस जाळी.

शेजारी कपाशी आहे, फवारणी चालते.

ही गोष्ट फार महत्त्वाची, आणि कोणी सांगत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं माशांना अगदी थोडीही मारतात. शेजाऱ्याला सांगून ठेवा, फवारणीच्या दिवशी तळं ताडपत्रीने झाका, वारं तुमच्याकडे असेल तर नक्कीच. फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ देऊ नका. गल्लीत धुराची गाडी येते तेव्हा पण झाका. घरात डासांचा स्प्रे मारून त्याच हाताने माशांना खाणं टाकू नका.

पाणी खाली जातंय, गळती आहे की ऊन?

पंप बंद करा, एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पाण्याच्या लेव्हलला खूण करा. दोन दिवसांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन. तळ्यातलं जास्त उतरलं तर गळती. पंप चालू असतानाच जास्त जात असेल तर पाईपच्या जोडात किंवा धबधब्याच्या कडेला बघा, गळती बहुतेक तिथं असते. कापडात असेल तर भर न घालता पाणी जिथं थांबतं त्याच लेव्हलला चारी बाजूने शोधा.

थंडीत काही करावं लागतं?

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, गप्पी सुस्त होतात, काही मरतात. खाणं निम्मं करा, खूप थंडी असली तर बंद. खोल कोपरा इथं पण कामाला येतो. थोडे गप्पी घरात एका टाकीत ठेवा म्हणजे फेब्रुवारीत परत सोडता येतात.

गाळ कधी काढायचा आणि तो टाकायचा कुठं?

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, लिलीच्या कुंड्या बदलताना. सगळा काढू नका, तिसरा हिस्सा राहू द्या, त्यात जिवाणू आणि चतुराच्या अळ्या असतात. निघालेला गाळ एक दिवस काठावरच राहू द्या म्हणजे त्यातले जीव परत पाण्यात जातात, मग वांग्याच्या, मिरचीच्या वाफ्यात टाका, वेगळं शेणखत त्या महिन्यात लागत नाही.